वह्या रद्दीत घालू नका : सातपूर-अंबडच्या कारखानदारांना खुले पत्र

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखानदार मंडळींना,
आणि त्यांच्या मागोमाग नाशिकच्या कॉलेजांतल्या गणिताच्या प्राध्यापकांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. एकतीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-निववून कणखर करायच्या, भट्टीपुढे काढली, त्यातली शेवटची अठरा लॅब सांभाळत. तुमच्यातल्या कित्येकांचे शाफ्ट, गिअर, पिना माझ्या डोळ्यांदेखत तापल्या, बुडाल्या, पुन्हा तापल्या. काही फुटल्याही. त्यावरून तेव्हा भांडून झालंय, ते उकरून काढायला हे पत्र नाही.

हे पत्र रद्दीवाल्यामुळे आहे. निवृत्त होऊन दोनेक महिने झाले असतील. हार्डनेस टेस्टर नीट लागत नाही म्हणून जुन्या शॉपवर बोलावलं होतं. गेटाशी टेम्पो उभा, आणि टेम्पोवाल्याच्या काट्यावर माझ्या वह्या. लाल कापडी बांधणीच्या, पाठीवर मीच पांढऱ्या पेंटनं साल घातलेल्या. कुठला चार्ज, म्हणजे एका वेळी भट्टीत घातलेला माल, कधी लागला, किती अंशांवर, किती वेळ, कशात बुडवला, किती हार्डनेस आला, किती नग फुटले, लाईट केव्हा गेली, सगळं त्यात. मालकांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, ऑडिटला लागतात तेवढ्या ठेवल्यात. आणि यात आहे काय? निम्मं तर रिजेक्शनच आहे."

टेम्पोवाल्याशी घासाघीस करून पाच वह्या सोडवल्या. बाकीच्या गेल्या.

मालकांवर माझा राग नाही. जागेला पैसे पडतात आणि वहीला वाळवी लागते. पण "निम्मं तर रिजेक्शनच आहे" हे वाक्य मला त्या रात्री झोपू देईना. का, ते पुढे सांगतो.

माझी पुतणी गणितात एम.एस्सी. करते. गणपतीत घरी आली होती, तिनं त्या वह्या चाळल्या आणि म्हणाली, "काका, तुम्ही फसलेलंही लिहून ठेवलंय?" मला वाटलं टोमणा मारते. तर पोरगी हरखून गेली होती. तिच्या डिपार्टमेंटला कुठूनही आकडे मागितले तर सगळे यशाचेच मिळतात म्हणे. फसलेलं कोणी देत नाही.

आता त्या वह्यांतली एकच गोष्ट सांगतो. ईएन १९ जातीच्या पोलादाचे शाफ्ट होते. एका पावसाळ्यात क्वेंचिंगला, म्हणजे तापलेला नग बुडवून झटकन गार करताना, तडे जायला लागले. सगळ्या चार्जमध्ये नाही. एकात एकही नग गेला नाही, दुसऱ्यात सात गेले. आधी ऑपरेटरवर खापर फुटलं, मग ज्यात नग बुडवतात त्या पॉलिमर मिसळलेल्या पाण्याच्या टाकीवर, मग खुद्द पावसावर. रात्रपाळीच्या एका पोराला दुसऱ्या खात्यात टाकलं. पोलादाचे टीसी, म्हणजे तपासणीचे दाखले, काढून पाहिले तर सगळं स्पेसिफिकेशनमध्ये. कार्बन आत, मँगनीज आत, क्रोमियम आत. फाइल बंद झाली. त्या पोराचं मात्र नाव पडलं ते पडलंच.

पुतणीनं ती पानं एक्सेलमध्ये भरायला घेतली. मी चष्मा लावून हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या एकेका ओताचा क्रमांक, वाचायचा, तिनं टाइप करायचं. तिसऱ्या दिवशी तिनं एक चित्र काढलं. आडव्या रेघेवर कार्बन, उभ्या रेघेवर मँगनीज. सुखरूप चार्ज हिरवे ठिपके, फुटलेले लाल. लाल ठिपके जवळजवळ सगळे उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात गोळा झालेले. कार्बन एकटा वरच्या टोकाला गेला तर काही बिघडत नव्हतं, मँगनीज एकटं गेलं तरी नाही. दोघं जोडीनं टोकाला गेले की शाफ्ट फुटत होता. आणि आम्ही त्यांना दोन वेगळ्या रकान्यांत, एकेकट्याला तपासत बसलो होतो! गावात दोन भाऊ असतात ना, एकेकटा भेटला तर गरीब गाय, आणि एकत्र आले की बाजार उठवतात, तसला प्रकार.

यात तिनं नवा शोध लावला असं मी म्हणत नाही. १९६५ साली के. डब्ल्यू. अँड्र्यूज यांनी एक सूत्र छापलं, धातुशास्त्र शिकलेल्या कुणालाही ते माहीत असतं. ५३९ हा आकडा घ्या. त्यातून कार्बनच्या टक्केवारीची ४२३ पट वजा करा, मँगनीजची ३०.४ पट, निकेलची १७.७ पट, क्रोमियमची १२.१ पट, मॉलिब्डेनमची ७.५ पट. उरेल त्या तापमानाला, अंश सेल्सिअसमध्ये, गार होणाऱ्या पोलादात मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक रचना, बनायला लागतं. आमच्या वहीतल्या दोन टोकांच्या हीट या सूत्रात घातल्या. एकीत कार्बन ०.३६, मँगनीज ०.५५, क्रोमियम ०.९५, मॉलिब्डेनम ०.२२, उत्तर ३५७ अंश. दुसरीत ०.४४, ०.७८, १.१५ आणि ०.२८, उत्तर ३१३. दोन्हींच्या टीसीवर ईएन १९च लिहिलेलं, आणि मधे ४४ अंशांची दरी. मार्टेन्साइट जितकं खालच्या तापमानाला बनतं तितकं पोलाद त्या क्षणी कमी नमतं, आतला ताण गिळू शकत नाही, तडकतं. त्या पोराचा दोष नव्हता. त्याचा फोन नंबर आता माझ्याकडे नाही.

पण मला सांगायचंय ते त्या ४२३ आणि ३०.४ बद्दल. हे आकडे आले कुठून? आकाशवाणी झाली नव्हती. कुणीतरी कितीतरी पोलादांची मोजमापं नेमानं लिहून ठेवली होती. त्या ढिगातून गणितानं हे आकडे पिळून काढले. लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची, ती रीत लजांद्र या फ्रेंच गणितीनं १८०५ सालीच छापली होती. रीत जुनी, गणित बी.एस्सी.च्या पोराला जमेल असं. अडतं ते मोजमापांच्या ढिगापाशी.

इथवर जुन्या पोलादाची गोष्ट झाली. आता जगात काय चाललंय ते पाहा. कुणी कधी ओतलाच नाही असा धातू कागदावर आधी शोधायचा आणि मग भट्टी पेटवायची, असं काम चालू आहे.

आपल्या जुन्या नाशकातल्या तांबटांपासून ते आजच्या फाउंड्रीपर्यंत मिश्रधातूची रीत एकच. एक धातू मुख्य, बाकीचे चिमूटभर. तांब्यात जस्त, लोखंडात कार्बन. २००३च्या सुमारास बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले एस. रंगनाथन यांनी 'करंट सायन्स'मध्ये अनेक धातूंच्या कॉकटेलबद्दल लिहिलं. २००४ साली तैवानचे जिएन-वेई ये आणि इंग्लंडचे ब्रायन कँटर यांनी पाच-पाच धातू जवळजवळ सारख्या प्रमाणात घालून केलेल्या मिश्रधातूंचे निष्कर्ष छापले. मुख्य कोणी नाही, सगळेच भागीदार. हाय एन्ट्रॉपी अलॉय म्हणतात त्यांना.

कल्पना झकास, पण शोधायचं कसं? हिशोब करून बघा. कामाचे धातू आणि मूलद्रव्यं ६० धरा. त्यांतून पाच निवडायचे प्रकार ५४,६१,५१२. आता प्रत्येक पाचाच्या चमूत प्रमाण पाच-पाच टक्क्यांच्या पायरीनं बदला, प्रत्येकाला किमान पाच टक्के देऊन. होतात ३,८७६ प्रकार. गुणाकार करा, २,११७ कोटींच्या आसपास. रोज एक वितळवून तपासला तर ५ कोटी ८० लाख वर्षं लागतील. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्ह्यातून झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो निवल्या निवल्या कामाला लागलो असतो तर तेव्हापासूनचा बहुतेक काळ यातच गेला असता. आणि यात तापमान, गार करायचा वेग, टेंपरिंग म्हणजे पुन्हा तापवणं, काहीच धरलेलं नाही.

म्हणजे करून बघू आणि जमलं तर बरं, ही आपली शॉपची रीत इथं चालत नाही. कुठला प्रयोग करायचाच नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि ते काम गणिताचं.

यातली एक वाट अणूच्या आतून जाते. इलेक्ट्रॉन कसे वागतात याचं समीकरण श्रोडिंजरनं १९२६ साली दिलं. ते दोन-चार इलेक्ट्रॉनांपुरतं सुटतं. लोखंडाच्या एका अणूतच २६ असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाला ढकलतो. १९६४-६५ मध्ये वॉल्टर कोन यांनी, आधी होहेनबर्ग आणि मग शॅम यांच्याबरोबर, यातून वाट काढली. कुंभमेळ्याला रामकुंडावरची गर्दी आठवा. कुठला भाविक कुठून आला, कुणाचा हात धरून चाललाय, हे एकेकाचं लिहायला बसलं तर पोलिसांना तीन कुंभ पुरायचे नाहीत. पण कुठल्या घाटावर किती दाटी आहे एवढं नेमकं कळलं तर बंदोबस्त लागतो. कोननी दाखवलं की इलेक्ट्रॉनांचंही तसंच आहे. जागोजागची दाटी नेमकी कळली तर मूळ स्थितीतल्या पदार्थाची एकूण ऊर्जा त्यातूनच ठरते. १९९८ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पोपल यांच्यासोबत. आज कुठलंही मिश्रण टिकेल की फुटून वेगळं होईल याचा पहिला अंदाज कॉम्प्युटर या रीतीनं घेतो.

दुसरी वाट मला जास्त जवळची वाटते, कारण ती बोअरवेलसारखी आहे. दिंडोरी-निफाडकडे बागेला पाणी कमी पडलं की शेतकरी पाणाड्याला बोलावतो. तो तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं घ्या. माझा त्या नारळावर विश्वास नाही. पण आजूबाजूला कुठं किती फुटांवर पाणी लागलं याची नोंद ज्याच्या डोक्यात आहे, त्या म्हाताऱ्यावर आहे. दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रिग नावाचे खाण इंजिनिअर हेच करत होते, पाण्याऐवजी सोन्यासाठी. विटवॉटर्सरँडच्या खाणींत थोड्याच ठिकाणी खोदून मधल्या जागी सोनं किती असेल हे कसं सांगायचं, यावर त्यांनी १९५१ साली प्रबंध लिहिला. पुढे मथेरॉन या फ्रेंच गणितीनं त्याला पक्कं रूप दिलं आणि क्रिग यांच्याच नावानं क्रिगिंग म्हटलं. या रीतीची खुबी अशी, की ती मधल्या जागेचा अंदाज तर देतेच, शिवाय त्या अंदाजावर कितपत भरवसा ठेवायचा तेही सांगते. जवळ बोअर असेल तर पक्कं, लांब असेल तर कच्चं.

मग पुढचा बोअर कुठे मारायचा? पाणी लागायची आशा आहे तिथं, की जिथलं काहीच ठाऊक नाही तिथं? दोन्ही ओढी तोलून जागा निवडायचं गणित आहे. ते शेताऐवजी धातूंच्या प्रमाणांवर चालवलं की नवा मिश्रधातू शोधता येतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतली मंडळी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली ते करून दाखवलं. त्यांना निकेल-टायटॅनियमचा असा शेप मेमरी अलॉय, म्हणजे तापवल्यावर मूळ आकारात परतणारा मिश्रधातू, हवा होता, जो तापताना आणि निवताना जवळजवळ एकाच तापमानाला रूप बदलेल. सुमारे आठ लाख प्रमाणं शक्य होती. हाताशी नोंदी किती? २२. त्यांनी फक्त ३६ नवे मिश्रधातू बनवले, प्रत्येक वेळी गणितानं सांगितले ते. त्यांतले १४ आधीच्या बाविसांपेक्षा सरस निघाले, आणि सर्वांत चांगल्यात तो फरक दोन अंशांच्या आत आला.

२२ नोंदी! माझ्या एका वहीत एका महिन्यात त्याहून जास्त चार्ज आहेत. "आमच्याकडे कुठे तेवढा डेटा" असं मला सांगू नका.

आता त्या रिजेक्शनकडे येतो.

अमेरिकेतच हॅव्हरफर्ड नावाचं छोटं कॉलेज आहे. तिथल्या लॅबमध्ये व्हॅनेडियम आणि सेलेनियमचे स्फटिक वाढवायचे प्रयोग चालत. शास्त्रीय नियतकालिकात छापतात ते जमलेले प्रयोग. न जमलेले वहीत राहतात आणि वही कपाटात. या मंडळींनी जुन्या वह्या बाहेर काढल्या, जमलेले-फसलेले मिळून जवळजवळ ४,००० प्रयोग कॉम्प्युटरला भरवले, आणि नव्या प्रयोगात स्फटिक मिळतील की नाही ते गणिताला विचारलं. गणितानं सुचवलेले ८९ टक्के प्रयोग जमले. अनुभवी माणसांच्या अंदाजाचे ७८ टक्के. २०१६ साली 'नेचर'मध्ये हे आलं. फसलेले प्रयोग काढून टाकले असते तर हे जमलं नसतं, कारण बोअर कोरडे कुठे गेले हे माहीत नसेल तर पाण्याची हद्द आखणार कशी?

आणखी एका वहीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ८ एप्रिल १९८२. अमेरिकेत काम करणारे इस्रायलचे डॅन शेश्टमन झटकन गोठवलेला ॲल्युमिनियम-मँगनीजचा नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघत होते. ठिपक्यांची दहा-दहांची वर्तुळं दिसली. हे अशक्य होतं. अणू ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा त्याच रचनेत मांडले तर स्फटिकाचे प्रकार २३० होतात, एकही जास्त नाही. फेदोरोव्ह आणि शेनफ्लिस यांनी १८९१च्या सुमारास ते मोजून संपवले होते. त्यांत पाच पदरी किंवा दहा पदरी सममिती बसतच नाही. फरशी बसवणाऱ्या गवंड्याला विचारा, नुसत्या सारख्या बाजू-कोनांच्या पंचकोनी फरश्यांनी खोली भरत नाही. शेश्टमन यांनी वहीत लिहिलं, दहा पदरी, आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली. त्यांना वेड्यात काढलं, गटातून जायला सांगितलं. पण गणित त्या ठिकाणी आधीच पोचलेलं होतं. पेनरोज यांनी सत्तरच्या दशकातच दोन आकारांच्या फरश्यांनी पाच पदरी नक्षी पसरून दाखवली होती, न संपणारी आणि कधी तशीच्या तशी पुन्हा न येणारी. २०११ साली शेश्टमन यांना नोबेल मिळालं. आमच्या शॉपमध्ये असा नमुना आला असता तर मी स्वतः शेरा मारला असता, "नमुना खराब, पुन्हा घ्या." खोटं कशाला बोलू.

एक सावधगिरीही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा एआयच्या नादाला लागला. २०२३च्या नोव्हेंबरात गूगल डीपमाइंडनं जाहीर केलं की त्यांच्या प्रोग्रॅमनं २२ लाख नवे स्फटिक सुचवलेत, त्यांतले ३ लाख ८० हजार टिकाऊ. त्याच सुमारास बर्कलीच्या स्वयंचलित लॅबनं १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचं सांगितलं. बातम्या जोरात आल्या. मग जाणकारांनी तपासलं आणि लॅबच्या त्या यादीवर आक्षेप घेतला. बरेचसे पदार्थ आधीच माहीत होते, कॉम्प्युटरनं अणू कवायतीसारखे रांगेत धरले होते आणि खऱ्या नमुन्यात त्यांची सरमिसळ असते. मला यात नवल वाटलं नाही. ज्यानं कधी भट्टीतून वाकडा निघालेला जॉब हातात घेतला नाही, त्याला सगळं जग रांगेत उभं दिसतं. कागदावर टिकाऊ असणं वेगळं, ओतता येणं वेगळं, आणि हजार नग एकसारखे ओतता येणं त्याहून वेगळं. ही तिसरी गोष्ट त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नाही. ती सातपूरच्या पत्र्याच्या कपाटांत आहे.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, "आम्ही जॉबवर्कवाले. मटेरिअल गिऱ्हाईक ठरवतो, आम्ही कशाला शोधू?" ॲल्युमिनियम डायकास्टिंगवाल्यांनी याचं उत्तर द्यावं. भंगारापासून केलेल्या ॲल्युमिनियममध्ये लोखंड येतं आणि ते एकदा शिरलं की सहजी निघत नाही. सिलिकॉनबरोबर त्याचे सुईसारखे स्फटिक होतात, त्या सुयांवरच कास्टिंग मोडतं. मँगनीज घातलं तर सुयांचा आकार बदलतो, त्रास कमी होतो. पण किती लोखंडाला किती मँगनीज, कुठल्या जाडीला, किती वेगानं गार केल्यावर? जादा मँगनीज गेलं तर तळाला गाळ बसतो तो वेगळाच. प्रत्येक शॉपनं आपापल्या पुरतं धडपडून हे शोधलंय आणि प्रत्येक शॉप ते फोरमन निवृत्त झाला की विसरतो. भंगारातलं लोखंड पचवणारा मिश्रधातू ही जगाची गरज आहे, आणि त्याचे शेकडो बोअर अंबडमध्ये मारून झालेत. कोरडे, ओले, सगळे. नकाशा तेवढा कुणी काढला नाही.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, सगळं काळ्या पेनानं खोडा. गणिताला त्याचं काही नाही. केमिस्ट्री, तापमान, वेळ, कशात बुडवलं आणि काय निघालं, एवढं पुरे.

तिसरा तुम्ही तोंडावर बोलणार नाही, म्हणून मीच बोलतो. वह्या दोन असतात. एक ऑडिटरसाठी, जिच्यात हार्डनेस ३०, ३०, ३१, ३० असा देवळातल्या पणत्यांसारखा ओळीनं येतो. आणि एक भट्टीजवळची, तेलाचे डाग पडलेली, जिच्यात २६ आहे, ३४ आहे आणि "थर्मोकपल बंद होतं, अंदाजानं काढलं" असंही आहे. मला दुसरी हवी. पहिली कितीही ठेवा नाहीतर विका, तिच्यातून गणिताला काही शिकता येत नाही, कारण जे आधीच सारखं केलंय त्यातून फरक कशानं पडतो ते निघणार कुठून?

प्राध्यापक मंडळी, आता तुमच्याकडे. तुमच्या पोरांना रिग्रेशन, म्हणजे आकड्यांच्या ढिगातून सूत्र काढणं, शिकवताना पुस्तकातलं उंची-वजनाचं उदाहरण का देता? कॉलेजपासून रिक्षानं वीस मिनिटांवर खरे आकडे पडलेत. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवणाऱ्या कापरेकर गुरुजींनी कुठली लॅब नाही, पदव्यांचा भार नाही, नुसता आकड्यांशी खेळ करून ६१७४ हा अजब आकडा जगाला दाखवला. त्यांची तसबीर तुम्ही लावता, चांगलं आहे. गुरुजींना आकडे मनात सुचत; तुमच्या पोरांना ते अंबडच्या कपाटात मिळतील. मात्र एक अट. पोराला आधी आठ दिवस भट्टीपुढे उभं करा. आमच्या पुतणीनं पहिल्या दिवशी "पाऊस" असा शेरा असलेली ओळ कामाची नाही म्हणून गाळली होती. मी तिला सांगितलं, बाई, शेड गळायचं. पाणी टाकीत पडायचं, पॉलिमर पातळ व्हायचं, गार व्हायचा वेग वाढायचा. तिनं ओळ परत घातली आणि लाल ठिपक्यांतले चुकार दोन जागेवर आले. ते कुठल्या पुस्तकात सापडलं असतं?

तर मागणं असं. भट्टीजवळच्या जुन्या वह्या विकू नका. नव्या लिहिताना फुटलेला नग "रिजेक्ट" एवढ्यावर सोडू नका, हीट नंबर आणि बुडवतानाचं टाकीचं तापमान त्याच्या शेजारी लिहा. दोन शब्द जास्त. लिहिणाऱ्या पोराला त्याबद्दल ओरडा बसू नये, एवढं मालकांनी बघावं. कारण ज्या शॉपमध्ये फसलेलं लिहिलं की बदली होते तिथं फसलेलं कोणी लिहीत नाही, आणि मग त्या वहीत आणि कोऱ्या वहीत फरक राहत नाही.

ज्यांना जागेची अडचण आहे त्यांनी मला निरोप द्यावा. शनिवारी मी मोकळा असतो, शेजाऱ्याचा छोटा हत्ती मिळतो. पुतणीच्या दोन मैत्रिणी टाइप करायला तयार झाल्यात. त्या दिवशी रद्दीचा जो भाव असेल त्यावर किलोमागे दोन रुपये जास्त देईन. काटा तुमचाच लावा.

आपला,
अंबडचा एक निवृत्त हीट ट्रीटमेंटवाला

ता. क. : तेल लागलेल्या, भिजलेल्या, कव्हर फाटलेल्या वह्याही चालतील. आमच्या पाचांतल्या दोन तशाच आहेत.